अर्ज टाकण्याआधी लिमिटकडे बघा

पोशेऱ्यात किंवा मोखाडा तालुक्यातल्या कुठल्याही गावात ‘कार्ड आहे का?’ असं विचारलं तर आधी रेशनकार्ड पुढे येतं, मग आधार, मग रोजगार हमीचं जॉबकार्ड. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो किसान क्रेडिट कार्डाचं नाव घेतो. बँकेचं क्रेडिट कार्ड खिशात बाळगणारे इथे बहुतेक पगारदार असतात: जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, आश्रमशाळेतले कर्मचारी, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, वायरमन. पण कार्ड किसान क्रेडिट असो की बँकेचं क्रेडिट कार्ड, दोन्हींवर एक आकडा असतो आणि त्याला सगळे ‘लिमिट’च म्हणतात. त्या आकड्यापर्यंत उधारी मिळते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. नवं कर्ज मागायला गेल्यावर त्यातलं किती वापरलंय हे पाहिलं जातं, ते मात्र बहुतेकांना अर्ज नामंजूर झाल्यावर कळतं.

उधारीची मर्यादा ही गोष्ट जव्हार-मोखाड्याला नवी नाही. आदिवासी विकास महामंडळामार्फत मिळणारं खावटी कर्ज जुन्या माणसांना आठवत असेल. पावसाळ्यात हाताला काम नाही, घरातली नागली-वरई संपत आलेली, नवं पीक अजून शेतात, अशा महिन्यांसाठी ते कर्ज होतं. त्याची मर्यादा घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरायची: चार माणसांपर्यंत २,००० रुपये, पाच ते आठ माणसांना ३,०००, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४,०००. पुढे ही योजना बंद पडली. करोनाच्या काळात, २०२०-२१ साली, ती कर्जाऐवजी पूर्ण अनुदान म्हणून एका वर्षापुरती परत आली. तेव्हा कुटुंबाला ४,००० रुपये मिळाले, निम्मे धान्य-किराण्याच्या रूपात आणि निम्मे खात्यात.

दुसरी उधारी म्हणजे उचल. वीटभट्टीवर किंवा बागेत कामाला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. तिला लिखित मर्यादा नसते, महिन्याचं बिल नसतं, आणि हिशोब मालकाच्या वहीत असतो. हंगाम संपल्यावर ‘अजून एवढे बाकी आहेत’ असं ऐकून माणूस पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर जातो. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ साली झाला, तरी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात अशा कर्जात अडकलेल्या माणसांना सोडवण्यासाठी १९८२ पासून श्रमजीवी संघटनेला झगडावं लागलं. कर्ज किती आहे हे लिहिलेलं नसेल तर ते फिटतही नाही.

कार्डाचं नेमकं उलट आहे. तिथे सगळं लिहिलं जातं. मर्यादा किती, वापर किती, हप्ता कोणत्या तारखेला आला, किती दिवस उशीर झाला, मागच्या वर्षभरात कुठे कुठे कर्ज मागितलं. ही नोंदवही बँकेकडेच राहत नाही, ती पतमाहिती कंपन्यांकडे जाते. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला. सिबिल त्यांतली सर्वांत जुनी, २००० सालची. म्हणूनच चौघींपैकी कोणाचाही अहवाल असला तरी लोक ‘सिबिल खराब झालं’ असंच म्हणतात. त्या अहवालावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक गुणांक काढला जातो. हप्ते वेळेवर भरले की नाही, याला त्यात सर्वांत जास्त वजन असतं. त्यानंतर कार्डाच्या लिमिटचा वापर हा मोठा भाग. गंमत अशी, की जुनी थकबाकी पुसायला वर्षं लागतात, पण लिमिटच्या वापराचा आकडा दीड-दोन महिन्यांत सुधारतो. अर्ज करण्याआधी आपल्या हातात असलेली ही बहुधा एकमेव पटकन हलणारी गोष्ट आहे.

समजा, तालुक्यातल्या एका शाळेतल्या गुरुजींकडे ६०,००० रुपये लिमिटचं कार्ड आहे. त्यांना नाशिकला घर घ्यायचंय आणि दोन-तीन महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज टाकायचाय. दरम्यान फ्रिज आणि मुलीच्या कॉलेजची फी मिळून कार्डावर ३८,००० रुपये गेले. बिलाची तारीख १५ आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५. गुरुजी शिस्तीचे, ५ तारखेला पूर्ण रक्कम भरतात, एक रुपया व्याज लागू देत नाहीत. तरीही त्यांच्या अहवालात लिमिटचा ६३ टक्के वापर दिसू शकतो. कारण बँक सहसा बिलाच्या तारखेला जी बाकी असते तीच पुढे कळवते. ५ तारखेला भरलेले पैसे त्या फोटोत येत नाहीत.

इथे करायचं ते अगदी सोपं आहे. बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधीच २६,००० भरून टाकायचे. मग बिलावर १२,००० उरतात आणि वापर २० टक्क्यांवर येतो. ३० टक्क्यांच्या आत राहावं, असा एक सर्वसाधारण ठोकताळा आहे. तो रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. २९ आणि ३१ टक्क्यांत आभाळ-पाताळाचा फरकही पडत नाही. पण ६०-७० टक्क्यांच्या वर गेलेलं कार्ड पाहिलं की कर्ज देणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो: या माणसाची ओढाताण चालली आहे. मृगाच्या तोंडावर कणगी तळाला लागलेल्या घराला उसनं द्यायला शेजारीही थबकतो, तसंच हे. बँका आणि वित्त कंपन्या १ जानेवारी २०२५ पासून पतमाहिती कंपन्यांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची. त्यामुळे सुधारलेला आकडा आता लवकर दिसतो. आणि बिघडलेलाही.

गुरुजींच्या बाकीचा दुसरा परिणाम गृहकर्जाच्या रकमेवर होतो, आणि हा फारसा कोणी सांगत नाही. पगारातून आधीचे हप्ते वजा करून उरलेल्या रकमेवर नवं कर्ज किती झेपेल हे बँक ठरवते. कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून बऱ्याच बँका बाकीच्या पाच टक्के रक्कम हप्ता म्हणून धरतात. ३८,००० चे पाच टक्के म्हणजे १,९०० रुपये. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता येतो. म्हणजे कार्डावरच्या त्या बाकीमुळे गुरुजींचं मंजूर होणारं गृहकर्ज दोन लाखांच्या वर घटू शकतं. फ्रिजची किंमत तेवढी नव्हती!

आता लिमिट वाढवून घ्यावं का? गणित तर मोहात पाडणारं आहे. तीच ३८,००० ची बाकी एक लाखाच्या लिमिटवर ३८ टक्के होते. माझं मत असं: वाढवून घ्यायचं असेल तर नव्या अर्जाच्या पाच-सहा महिने आधी, आणि त्याच जुन्या कार्डावर. अर्ज तोंडावर आलेला असताना बँकेला लिमिट वाढवायला सांगितलं तर ती बँक पुन्हा अहवाल तपासते आणि त्या तपासणीची नोंद राहते. लिमिट वाढलं म्हणून खर्चही वाढवणारा माणूस असेल, आणि असे आपण पुष्कळ असतो, तर त्याने त्या वाटेला जाऊच नये. एक गोष्ट लक्षात ठेवा: आपल्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांसाठी जे निर्देश काढले, त्यांत हे स्वच्छ लिहिलंय. ‘सर, तुमचं लिमिट दीड लाख झालंय’ असा फोन आला तर हो म्हणण्याआधी आपल्याला ते हवंय का, हे ठरवायचा अधिकार आपला.

याच्या उलट चूकही तितकीच होते. गृहकर्ज घ्यायचंय म्हणून माणूस सगळं आवरायला घेतो आणि वापरात नसलेलं जुनं कार्ड बंद करून टाकतो. गुरुजींकडे ४०,००० लिमिटचं दुसरं कार्ड असतं, तेही कोरं, तर दोन्ही मिळून एक लाखावर ३८,००० म्हणजे ३८ टक्के वापर. ते बंद केलं की पुन्हा ६३ टक्के. शिवाय ते कार्ड दहा वर्षांचं असेल तर त्याबरोबर चांगल्या वागणुकीचा जुना इतिहासही हळूहळू मागे पडतो. म्हणून वार्षिक शुल्क नसेल तर जुनं कार्ड राहू द्यावं, दोन-तीन महिन्यांतून एकदा पेट्रोल भरावं आणि लगेच पैसे चुकते करावेत. वर्षभर अजिबात न वापरलेलं कार्ड बँक कळवून बंद करू शकते. शुल्क जड असेल आणि बंदच करायचं असेल, तर गृहकर्ज हाती पडल्यावर करा. तेव्हा बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केलं पाहिजे. बाकी शून्य असूनही टाळाटाळ केली तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा, असा नियम आहे.

किमान रकमेचा सापळा यापेक्षा वाईट. बिलावर ठळक अक्षरांत ‘किमान देय’ छापलेलं असतं आणि तेवढं भरलं की थकबाकीदार ठरत नाही, हे खरं. पण व्याज बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. ३८,००० वर महिन्याचं व्याज १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण १,५७०. गुरुजींनी पाच टक्के, म्हणजे १,९०० भरले तर मुद्दल जेमतेम ३३० रुपयांनी हलतं. वर नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही गेले. असे सहा महिने काढलेल्या कार्डावर वापराचा आकडा वरच अडकून राहतो आणि नव्या कर्जाची बँक नेमकं तेच पाहते.

इथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, तर इतरांकडून १५ आणि १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. बँकेच्या कार्डाला असं छत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे ज्या सावकाराच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याला कायद्याने जे करता येत नाही ते कार्डाच्या बिलात बिनबोभाट चालतं. कार्ड वाईट, असं माझं म्हणणं नाही. पूर्ण रक्कम भरणाऱ्याला ते जवळजवळ फुकट आहे. बाकी ओढत नेणाऱ्याला त्याच्यासारखी महागडी उधारी दुसरी कमी.

किसान क्रेडिट कार्डाचा हिशोब वेगळा. ही योजना १९९८ ची. लिमिट ठरतं ते पिकाच्या हेक्टरी दरावर, जो दर जिल्हा पातळीवरची समिती ठरवते. समजा दर हेक्टरी ६०,००० आहे आणि शेत अर्ध्या हेक्टरचं. पिकाचे ३०,०००, घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी त्यावर दहा टक्के म्हणजे ३,०००, अवजारं-बांधबंदिस्तीसाठी वीस टक्के म्हणजे ६,०००, असे ३९,०००. त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी त्यात दहा टक्के वाढ. अगदी लहान शेतकऱ्यासाठी १०,००० ते ५०,००० पर्यंतचं लवचीक लिमिटही असतं. भात, नागली, वरई काढणाऱ्या पोशेऱ्याच्या परिसरात शेतं लहान, म्हणून लिमिटंही लहान.

इथे लिमिट पूर्ण उचललं म्हणून कोणी भुवया उंचावत नाही. पेरणीचा पैसा जूनमध्ये एकदम लागतो आणि पीक घरात आल्यावर परत जातो, हे बँकेला माहीत असतं. बघितलं जातं ते तारखेकडे. वेळेत भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचं सात टक्के व्याज केंद्राच्या सवलतीने चारवर येतं. तारीख चुकली की सवलतही गेली आणि अहवालात थकबाकीची नोंदही झाली. म्हणून मार्च आला की ‘नवंजुनं’ सुरू होतं: चार दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे आणायचे, खातं शून्य करायचं, पुन्हा उचलायचं आणि देणेकऱ्याचे परत करायचे. कागदावर सगळं ठीक दिसतं. पण त्या चार दिवसांचा दर शेकड्यावर लागतो आणि सवलतीत वाचलेले पैसे तिकडे जातात. मोगऱ्याच्या मळ्याला ठिबक बसवायचं किंवा दुचाकी घ्यायची म्हणून नवं कर्ज मागायचं असेल, तर दिवाळीनंतर भात विकल्यावर थोडं तरी मुद्दल आधीच भरावं. मार्चपर्यंत थांबू नये. खातं वर्षातून काही महिने खरंच रिकामं राहिलं, तर बँकेच्या साहेबाशी बोलताना शेतकऱ्याचा आवाज आपोआप चढा लागतो.

पीककर्जासाठी सिबिल मागण्यावरून राज्यात बरीच वादावादी झाली आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत, सिबिलची सक्ती करणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असं बजावलं होतं. पण हे पीककर्जापुरतं. ट्रॅक्टर, दुचाकी, घर यांच्या कर्जाला अहवाल बघितला जातोच आणि त्यात पीककर्जाची थकबाकीही दिसते.

बचत गटातून आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून घेतलेली कर्जंही त्याच नोंदवहीत जातात. हे गावात अनेकींना ठाऊक नसतं. एकीने कर्ज काढायचं आणि गटातल्या दुसरीने वापरायचं, असं सर्रास चालतं. नोंद मात्र जिच्या आधारवर कर्ज निघालं तिच्याच नावावर राहते. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे मायक्रोफायनान्स कर्ज वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना मिळतं आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मोबाइलवरची झटपट कर्ज देणारी ॲपं तर दोन-तीन हजारांचीही नोंद करतात. अशी चार-पाच छोटी कर्जं अहवालात ओळीने दिसली की मोठं कर्ज देणारा सावध होतो. नव्या अर्जाआधी ती आधी मिटवावीत, आणि पैसे भरल्यावर ‘बाकी नाही’ असं पत्र मागून घ्यावं.

एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकण्याची सवयही सोडावी. प्रत्येक अर्जामागे बँक अहवाल मागवते आणि ती मागणी नोंदली जाते. दुचाकीच्या शोरूममध्ये एजंट एकदम तीन वित्त कंपन्यांकडे कागद पाठवतो, तेव्हाही हेच घडतं. त्याला आधी विचारा, कुठे पाठवतोय. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर त्याने गुणांक कमी होत नाही.

ज्याच्या नावावर आजवर काहीच कर्ज नाही, त्याची अडचण निराळी. अहवाल कोरा असतो आणि त्याला गुणांकच नसतो. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी कुठलाही किमान गुणांक ठरवलेला नाही, आणि फक्त इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत सांगितलं. तरी शाखेत काय उत्तर मिळेल याचा भरवसा नसतो. मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा त्यातला एक बरा रस्ता. वीस हजारांची ठेव असेल तर तिच्या बऱ्याचशा रकमेइतकं लिमिट मिळतं. महिन्याला हजार-दीड हजाराचा किराणा त्यावर घ्यावा आणि पूर्ण पैसे भरावेत. वर्षभरात कोऱ्या अहवालात चांगल्या ओळी पडतात.

आपल्या भागातली एक खरी अडचण रेंजची. शेवटच्या तारखेला रात्री पैसे भरायला बसावं आणि ओटीपीच येऊ नये, हे मोखाड्यात कोणालाही चुकलेलं नाही. कार्डाचं खातं शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं, तरच बँकेला ते थकीत म्हणून कळवता येतं आणि विलंब शुल्क लावता येतं. ही सवड आहे, पण तिच्यावर विसंबू नये. जव्हारला बाजाराला गेलं की तिथेच भरून टाकावं, किंवा खात्यातून आपोआप पूर्ण रक्कम कापली जाण्याची सूचना बँकेला द्यावी. किमान रक्कम नव्हे, पूर्ण.

दिवाळीला गाडी घ्यायची असेल तर अहवाल श्रावणातच काढा. चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हे १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक आहे. त्यासाठी कुणाला दोनशे रुपये देऊ नका. फिटलेलं कर्ज अजून चालू दिसतंय, दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर आलंय, लिमिटचा आकडा चुकीचा आहे, असं काही आढळलं तर लगेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागायचा हक्क तुम्हाला आहे.